चोवीस तास

भूकंपानंतर पाच दिवस सगळं घर अंगणात ताडपत्रीखाली राहत होतं. सुनेने रिकाम्या घरात छतापासून दोऱ्याने एक लोखंडी नट टांगला होता. धक्के अजून येत होते. सलग चोवीस तास हा नट हलला नाही, तरच आत जायचं, असा तिचा नियम होता. तासातासाला ती बंद खिडकीच्या काचेतून बघायची आणि वहीत वेळ लिहायची.

"लेकरू खोकून खोकून अर्धं झालंय," सासूबाई कुरकुरायच्या. "आणि तू त्या नटाचं ऐकत बसलीस."

"आई, खोकल्यावर औषध आहे. अंगावर पडलेल्या छतावर नाही."

सहाव्या दिवशी दुपारी वहीतले चोवीस तास पुरे झाले. सुनेने स्वतः बाळाला आत नेऊन पाळण्यात निजवलं. खोली कोंदट झाली होती, म्हणून तिने खिडकी उघडली. वारा आत आला, पडदा फुगला, हातातल्या वहीची पानं फडफडली. नट मात्र जागचा हलला नाही.

ती जवळ गेली. नटाला खालून एक बारीक दोरा बांधून पलंगाच्या पायाशी घट्ट ताणलेला होता.

"आई, हे कोणी केलं?"

"मीच. काल दुपारी तुझा जरा डोळा लागला ना, तेव्हा," सासूबाई हसत म्हणाल्या. "नाहीतर जन्मभर अंगणातच ठेवलं असतंस आम्हाला. थांबायचं नावच घेत नव्हता मेला."