कातरण

वाटाण्याच्या वाफ्यात गुलाबी पानं दिसली, तेव्हा शिंप्याच्या बायकोने आधी चष्मा पुसला. पानं गुलाबीच राहिली.

"अहो!"

लग्न झाल्यापासून या हाकेला बरेच अर्थ येऊन गेले होते. आजचा त्यातला सगळ्यात वाईट होता, म्हणून शिंपी चपला न घालताच बाहेर आला.

वाफा तिचा होता. सगळी बाग त्याची आणि कुंपणालगतची ही एक पट्टी तिची, असा दोघांत तह होता. तहात सावलीचा उल्लेख राहून गेला. शिंप्याचं शोभेचं विलोचं झुडूप वाढत वाढत पट्टीवर ओणवं झालं आणि दरवर्षी तिचा वाटाणा फुलं धरायच्या आत पिवळा पडू लागला. विकत घेतलं तेव्हा सोबतच्या चित्रात त्या झुडपाची पानं गुलाबी होती. अंगणात आल्यापासून हिरवीच. छाटलं की गुलाबी फुटेल, असं रोपवाल्याने बजावलं होतं; पण जन्मभर दुसऱ्यांचं कापड बेधडक कापणाऱ्या माणसाचा हात स्वतःच्या झुडपावर चालेना. शेवटी यंदा थंडी सरताना तिने कात्री त्याच्या हातात दिली आणि छाटणी संपेपर्यंत दारात उभी राहिली.

"हे काय आहे?" आता तिने विचारलं.

"वाटाण्याला आधाराच्या काठ्या. मीच नाही का लावून दिल्या तुला?"

"कसल्या काठ्या?"

शिंप्याने कुंपणाकडे पाहिलं.

"छाटलेल्या फांद्या मी टाकून देणार होते. तुम्ही म्हणालात, राहू दे, मी बघतो. हे बघितलंत होय?"

"अगं, चांगल्या सरळ होत्या. एका मापाच्या. टाकवेनात."

खिडकीतून सासूबाई म्हणाल्या, "त्याला कशाला बोलतेस? पडलेले दातसुद्धा डबीत ठेवायचा तो."

घराला हे नवीन नव्हतं. उशा कातरणाच्या होत्या, पडदे कातरणाचे होते आणि सासूबाईंच्या अंगातला कोट चार बड्या गिऱ्हाइकांच्या कोटांतून उरलेला होता. चिंधीला मुळं फुटत नाहीत, एवढाच काय तो तिला आजवर दिलासा होता.

शिंपी वाकून एक पान निरखत होता. "पण आला की नाही गुलाबी रंग? बघ तरी!"

"उपटा. सगळ्या. आत्ताच्या आत्ता."

त्याने पहिली काठी धरून ओढली. काठी आली, तिची पांढरी दाढीसारखी मुळं आली आणि मागोमाग वाटाण्याचा वेलही उचलला गेला. तणाव्यांनी काठीला तळापासून शेंड्यापर्यंत वेढे घातले होते. वेलावर फुलं होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"थांबा!" ती ओरडली.

शिंप्याने काठी पुन्हा भोकात बसवली आणि कोणी न सांगता भोवतालची माती पायाने दाबली.

दोघं वाफ्याशी उभी राहिली. एका काठीवर एक चिमणी येऊन बसली. काठीने तिचं वजन आरामात पेललं.

"शेंगा निघेपर्यंत," ती म्हणाली. "तेवढेच दिवस. मग मी स्वतः एकेक उपटीन आणि तुकडे करून…"

तिने त्याच्याकडे पाहिलं. एका काठीचे किती तुकडे होतील, याचा तो नजरेने अंदाज घेत होता.

"तुकडे नाही," ती म्हणाली. "जाळीन."

"बरं."

ऊन चढत होतं. फुलावर आलेल्या वाटाण्याला पाणी कमी पडून चालत नाही. तिने झारी भरली आणि काठ्यांकडे न बघता वाफा भिजवला. विलोला पाण्याइतकं दुसरं काही मानवत नाही, हे शिंप्याला ठाऊक होतं.

मग ती धुण्याची बादली घेऊन अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली. ओल्या चादरी टाकल्या तशी दोरी मधोमध लोंबली. दोरीला टेकू होता. तोही शिंप्यानेच छाटणीनंतर मातीत नुसता टेकवला होता. जाड, सरळ, अगदी टाकवणार नाही असा. गेले कित्येक दिवस धुण्याचं पाणी त्याच्या बुडाशी ठिबकत होतं.

टेकू जरा पुढे सरकवावा म्हणून तिने तो दोन्ही हातांनी धरला.

टेकू जागचा हलला नाही.