दारातलं चित्र

विहीणबाईंचं वागणं रहिमतबींना डाचत होतं. बाईंच्या लेकीने हट्टाने रहिमतबींच्या हबशी घरात लग्न केलं, त्याचा राग बाई नातीवर काढत होत्या. गेल्या महिन्यात विहीणबाईंच्या मुलाच्या लग्नात फोटोची वेळ आली, तेव्हा कुरळ्या केसांच्या, काळ्याभोर नातीला त्यांनी गोडीगुलाबीने स्वयंपाकघरात धाडलं होतं. नव्या सुनेच्या माहेरचे काय म्हणतील, एवढीच काळजी.

आज मुरूडच्या शाळेत हबशांच्या इतिहासाचं चित्रप्रदर्शन भरलं होतं, तर त्याच बाई जरीचा दुपट्टा घेऊन हजर. जंजिरा पाहून आलेले पर्यटक दारातल्या भल्यामोठ्या चित्रापुढे थबकत होते. चित्रात हीच नात होती. तेच केस, तोच रंग.

"कुणाची हो ही मुलगी?" एका पर्यटक बाईने विचारलं.

"आमचीच नात," विहीणबाई लगबगीने पुढे झाल्या. "दर्यावर्दी लोकांचं रक्त आहे." आणि फोटोसाठी त्यांनी पोरीला जवळ ओढलं.

लग्नात हेच दर्यावर्दी रक्त कांदे चिरत बसलं होतं. रहिमतबींच्या जिभेवर ते आलंही. पण पोर त्या आजीला अशी घट्ट बिलगली, की रहिमतबींनी आधी फोटो होऊ दिला. मग जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाल्या,

"विहीणबाई, इथे परक्यांपुढे नात मिरवायला काय लागतं? उद्या हिचा हात धरून तुमच्या मोहल्ल्यातून चाला. तिथे कुणी विचारलं, तर हेच उत्तर द्या. तोवर पोर माझी."