सरांचा थवा

आमच्या रविवारच्या चित्रकार ग्रुपचे सर म्हणजे स्वतःच्या सहीवरच फिदा असलेला माणूस. त्या संध्याकाळी आम्ही तळ्याकाठी ऑइलमध्ये चित्रं रंगवत होतो आणि माझ्या जाऊबाई ओल्या रंगाला चिकटलेलं एकेक चिलट ब्रशच्या टोकानं काढत बसल्या होत्या.

"रंगवायला आलात की चिलटं मारायला?" सगळ्यांदेखत एवढं बोलून सर चहाला गेले. जाऊबाईंचा चेहरा एवढासा झाला.

सर परत आले तर सगळे त्यांच्याच कॅनव्हासभोवती जमलेले. "वा सर! काय थवा उतरवलाय आभाळात!"

थवा काढल्याचं सरांना काही आठवेना. पण आयतं कौतुक परत करतील तर ते सर कसले?

"एक फटका, एक पक्षी! चाळीस वर्षं घासल्यावर बसतो असा हात." मग ते जाऊबाईंकडे वळले. "नाहीतर तुमचं आभाळ बघा, रिकामं! प्रदर्शनात नाही घेता यायचं हे."

जाऊबाईंनी सरांचं चित्र जवळ जाऊन नीट पाहिलं आणि आपला ब्रश पुढे केला.



"सर, तुमचा एक पक्षी अजून पाय झाडतोय. काढू का?"