कासवाचं तीर्थ

"कासवाला हात लावला की साबणाने हात धुवायचे, आणि ते तीर्थ आजपासून बंद!" डॉक्टरीणबाईंचं बजावणं कुमुदताईंच्या कानातून जात नव्हतं.

परदेशातून खोक्यांत भरून येणाऱ्या कासवांपैकी एक भाच्याने हौसेने दिलं होतं. ताईंनी कूर्मावतार मानून त्याला रोज ताम्हनात न्हाऊ घातलं, नि ते पाणी घरात आणि हरिपाठाला जमणाऱ्या बायकांना तीर्थ म्हणून वाटलं. त्यातले जंतू नेहमीच्या औषधांना जुमानेनात. ते तीर्थ घेऊन ताईंचे यजमान आबा पंधरा दिवस दवाखान्यात होते.

"तुझ्या तीर्थाने थेट वैकुंठाचं तिकीट निघालं होतं की गं!" घरी परतलेले आबा हसले.

ताई हसल्या नाहीत. हरिपाठाच्या आठही बायकांना खरं सांगून तपासणीला पाठवीन, असं त्यांनी डॉक्टरीणबाईंना कबूल केलं होतं. मग आपल्या हातचा प्रसाद पुन्हा कोण घेईल?

त्यांनी पायांत चपला सरकवल्या, आणि त्या आठजणींपैकी ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही त्या गोदाक्कांच्याच घराची वाट आधी धरली.