तिघांची खोली

"तिथे आपलं घर आहे ना, मग खोली कशाला घेतेयस?"

सेवास्तीने विचारलं आणि विचारून टाकल्यावर तिची तिलाच गंमत वाटली. दुपारी समुद्रात डुंबताना तिच्या मैत्रिणीने, त्साम्बीकाने, सगळ्या पोरींसमोर पैज लावली होती, की हा प्रश्न ही आईला विचारूच शकणार नाही. वर्गात सरांशी हुज्जत घालशील, कड्यावरून उडी मारशील, पण आईपुढे तुझी बोबडी वळते, असं म्हणाली होती. कड्यावरून उडी तर तिने या उन्हाळ्यात मारलीच होती, तीही दोनदा.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आईने बोटींचं वेळापत्रक पसरलं होतं. गुरुवारी सकाळी ऱ्होड्सहून निघायचं, निसीरोस बेटावर मांद्राकी गावाच्या धक्क्यावर उतरायचं, शनिवारी परत. धक्क्यालगत तिघांची एक खोली, खिडकी समुद्राकडे. आईच्या बारीक अक्षरात सगळं लिहून झालं होतं, पोहायचे टॉवेलसुद्धा. घराचं नाव कुठे नव्हतं.

"बंद घर आहे ते," आई म्हणाली. "धूळ आणि डोंगरातल्या गंधकाचा वास. तुझ्या कानातली चांदी आठ दिवसांत काळी पडेल तिथे."

"दोनच दिवस राहायचंय ना. पाव काळी पडेल."

बाबा ओट्याशी उभं राहून कलिंगड कापत होते. ते हसले आणि आईने बघताच पुन्हा कलिंगडाकडे वळले. मग पाठ फिरवूनच त्यांनी सांगून टाकलं, की शुक्रवारी अथेन्सचा एक माणूस घर बघायला येणार आहे. आवडलं तर घेईल म्हणतो.

मांद्राकीत घर मुलाकडे जात नाही. ते थोरल्या मुलीकडे जातं, आईच्या आईच्या नावासकट. आजी सेवास्ती, म्हणून ही सेवास्ती. लहानपणी ती बोटीतून उतरली की धक्क्यावरच्या म्हाताऱ्या म्हणायच्या, आली बघा घरधनीण, नाक पुसा तिचं.

"ते घर पुढे माझं होणार होतं," ती म्हणाली.

"म्हणूनच विकतेय."

आई पेन्सिलीशी चाळा करत बोलत राहिली. तिच्या लग्नाच्या दिवशी आजीने रीतीप्रमाणे घर मोकळं करून दिलं. स्वतःची गादी गुंडाळून डोक्यावर घेतली आणि गल्लीपलीकडच्या एका खोलीत राहायला गेली. आई नवरीच्या कपड्यांत खिडकीतून बघत होती. पुढे दोन वर्षांतच बाबांना ऱ्होड्सला काम लागलं आणि दोघं इकडे आली. घर रिकामं पडलंय, तू परत राहायला जा, म्हणून आजीला किती विनवलं. ती ऐकेना. एकदा दिलेल्या घरात आपण परत झोपत नाही, म्हणाली. रोज सकाळी गल्ली ओलांडून यायची, उंबरा झाडायची, तुळयांना वाळवी लागली नाही ना बघायची, कुलूप घालायची आणि आपल्या खोलीत परत. त्या खोलीतच ती वारली. तेव्हापासून आईने त्या घरात एक रात्रही काढली नव्हती. त्याआधीही तिला तिथे झोपच येत नसे.

"तुला तिचं नाव दिलं तेव्हा तुला विचारलं नव्हतं," आई म्हणाली. "निदान घर तरी तुझ्या गळ्यात नको."

सेवास्तीने भांडायची जय्यत तयारी केली होती. दुपारभर मनात वाक्यं घोळवून ठेवली होती, एकाहून एक झणझणीत. त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं. आजीची गादी डोळ्यांसमोरून हलेना. ती खिडकीही हलेना.

"विकतानाही नाहीच विचारलंस," ती हळूच म्हणाली.

बाबांनी कलिंगडाची ताटली टेबलावर ठेवली. कुणी हात लावला नाही. फोन थरथरला. त्साम्बीकाने विचारलं होतं, जिंकलीस की वळली बोबडी. सेवास्तीने फोन पालथा घातला.

ती उठली आणि कोपऱ्यातल्या फळीपाशी गेली. तिथे देवाच्या तसबिरींमागे त्या घराची किल्ली वर्षानुवर्षं पडून होती, बोटभर लांब, लोखंडाची. गल्लीपलीकडच्या त्या खोलीत आजीच्या उशाखाली सापडलेली. आईने ती इथे आणून ठेवली, तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता. सेवास्तीने ती उचलून खिशात टाकली. खिसा एका बाजूला झुकला.

"कुठे निघालीस?" आईने विचारलं.

"अजून कुठेच नाही. गुरुवार यायचाय."

ती परत येऊन बसली, आईच्या हातातली पेन्सिल अलगद काढून घेतली आणि कागदावरच्या 'तिघांची' या शब्दावर काट मारली.

"अगं, तिथे वीज नाही," बाबा म्हणाले. "पाणी तरी येतं का, देव जाणे."

"बॅटरी नेईन. पाणी शेजारून आणेन. म्हाताऱ्या ओळखतात मला." तिने कागद आईपुढे सरकवला. "विकायचं की नाही, ते शनिवारी बोटीवर बोलू. तिघंही बोलू. पण खोली दोघांचीच घ्या. मी घरी झोपणार आहे. आणि त्या अथेन्सवाल्याला सांग, शुक्रवारी आलात की दार वाजवा. मी उघडेन."