मांजरामार्फत

"धाकट्या जावेने मांजराला जवळ घेतलं स्वल्पविराम आणि मोठीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली स्वल्पविराम सांग तुझ्या मालकिणीला स्वल्पविराम दूध उघडं ठेवलंय पूर्णविराम ते काय आता मुंग्यांनी प्यायचं प्रश्नचिन्ह"

सिग्नल हिरवा झाला. आईने गाडी पुढे काढली. समोर अडकवलेला फोन तिचा शब्द न् शब्द इमानेइतबारे लिहून घेत होता. विरामचिन्हं मात्र त्याच्या डोक्यावरून जायची. पूर्णविराम म्हटलं की टिंब द्यायचं सोडून तो अख्खा शब्दच लिहून मोकळा व्हायचा. तरी ती म्हणायचीच. निदान वाक्य कुठे संपलं ते घरी गेल्यावर कळायचं.

मागच्या सीटवर बिट्टी पोहण्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ही तिची लेक, यंदा दुसरीत. शाळा सुटल्यावर तिला पोहण्याच्या क्लासला सोडायचं आणि घरी आणायचं, हा रोजचा फेरा.

परदेशात आल्यापासून लिहायला गाडी एवढीच जागा उरली होती. सकाळ दातांच्या दवाखान्यात जायची, रिसेप्शनवर. संध्याकाळ स्वयंपाकघरात. मदतीला ना सासू, ना आई, ना भांड्यांची बाई. घरात टेबल एकच, आणि त्यावर नवऱ्याच्या मीटिंगांनी बस्तान मांडलेलं. मग ती सिग्नलला थांबता थांबता गोष्ट सांगायला शिकली. लाल दिव्याला न वैतागणारी त्या रस्त्यावरची ती एकटीच बाई असावी.

बिट्टीशी मराठीत बोललं तर ती शाळेच्या भाषेत उत्तर द्यायची. हळूहळू आईबाबाही दमले आणि त्याच भाषेत बोलू लागले. त्यात कामं पटापट व्हायची.

रविवारी आजीचा व्हिडिओ कॉल आला.

"काय गं बिट्टे, काय जेवलीस आज?"

बिट्टीने तोंडात मिठाची गुळणी धरली, हात हलवला आणि खोलीत पळाली. आजी जरा वेळ रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मग मुलाला म्हणाल्या, "तिला मराठी येत नाही, की मी आवडत नाही? एवढं तरी सांग रे मला."

कॉल संपल्यावर नवरा म्हणाला, "रोज गाडीत तू तिच्याबरोबर असतेस. तेवढा वेळ मराठीत बोललीस तरी पुष्कळ होईल."

"मराठीतच तर बोलत असते."

"हो. फोनशी."

टोमणे मारायचा त्याचा स्वभाव नव्हता. म्हणूनच ते जिव्हारी लागलं. बिचारा खरं तेच बोलला होता.

गोष्ट तर ऐन रंगात आली होती. दोन जावा, एकाच घरात, वर्षानुवर्षं अबोला. काही सांगायचंच झालं तर मांजराला सांगायचं, दुसरीने ऐकायचं. शुक्रवारी क्लासच्या वाटेवर ते मांजरच नाहीसं झालं होतं. आता दोघींपैकी एकीला तोंड उघडावं लागणार होतं. कोणी, ते तिचं तिलाही ठरवता येत नव्हतं. गोष्ट तिथेच अडली होती आणि तिथेच सोडायची, असं तिने ठरवलं. नंतर कधीतरी लिहू, असं ती मनाला म्हणाली. नंतर कधीतरी म्हणजे कधीच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला फार रडू आलं. ते तिने भांडी घासता घासताच उरकलं. त्यासाठी तरी वेगळा वेळ कुठून आणायचा?

सोमवारी तिने फोन पर्समध्ये टाकला, चेन ओढली आणि गाडी सुरू केली.

"बिट्टी, आजपासून आपण मराठीत बोलायचं हं. ते बघ, काय आहे ते?"

बिट्टीने झाडाला शाळेच्या भाषेत झाड म्हटलं.

"आणि मराठीत?"

बिट्टी खिडकीच्या काचेवर बोट फिरवू लागली.

"बरं, ती बस कुठल्या रंगाची?"

बसचा रंगही शाळेच्याच भाषेत आला. पूल झाला, दुकान झालं, एक कुत्रा झाला. तोंडी परीक्षा रटाळ चालली होती आणि परीक्षक विद्यार्थिनीपेक्षा जास्त कंटाळली होती. मग सिग्नल लागला.

आईने आरशात पाहिलं. बिट्टी मान उंच करून समोर फोनच्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

"फोन नाही काढला बाहेर," आई म्हणाली. "ती गोष्ट आता बंद. आता गाडीत फक्त तू आणि मी."

हे सगळं ती मराठीत बोलली, आणि बोलल्यावर तिच्या लक्षात आलं की यातलं पोरीला काय कळणार. तेच शाळेच्या भाषेत सांगायला ती मागे वळली. बिट्टीचा चेहरा रडवेला झाला होता. मांडीवरची पिशवी बाजूला सारून, सीटचा पट्टा पार ताणला जाईपर्यंत ती पुढे वाकली. आणि एकेक शब्द सुटा करत, समोरच्याला नीट लिहून घेता यावं अशा खणखणीत आवाजात म्हणाली,

"बंद नाही करायची पूर्णविराम मांजर तर हरवलं स्वल्पविराम मग त्या दोघींमध्ये आधी कोण बोललं प्रश्नचिन्ह"