वरील सर्व समजले आहे

तेवीस मिनिटं उरली होती आणि म्हातारा अजून दुसऱ्याच पानावर होता.

"काका, पुढचं मी थोडक्यात सांगते," तरुण डॉक्टर म्हणाली.

"तीस वर्षं कचेरीत लोकांचे दस्त लिहिले, डॉक्टरबाई. 'थोडक्यात सांगतो, इथं सही करा', रोज म्हणायचो." त्याने पान उलटलं. "म्हणून वाचतोय."

काचेपलीकडे त्याची बायको. डोक्यात रक्तस्राव, तोंडात नळी. नेहमीचे उपचार चालूच होते. नव्या औषधाचं इंजेक्शन मात्र रक्तस्राव झाल्यापासून तीन तासांच्या आत द्यायचं, आणि संमतीपत्रावरच्या सहीशिवाय नाही.

कलम ६. या संशोधनात निम्म्या रुग्णांना औषध व उर्वरितांना...

"नुसतं सलाईनचं पाणी?"

"हो."

"हिला काय मिळणार?"

"ते मलाही कळणार नाही, काका. कुणालाच कळू नये, असंच ठरवलंय."

"म्हणजे उठून बसली, तरी कशानं बसली ते विचारायचं नाही."

अकरा मिनिटं.

कलम ९. कलम ९ पुन्हा. म्हातारा ओठ हलवत वाचत होता. 'सगळेच करतात हो सही', डॉक्टरच्या अगदी जिभेवर आलं. तिने ते गिळलं.

पाच मिनिटं असताना त्याने सही केली. सहीच्या वरची छापील ओळ, 'मला वरील सर्व समजले आहे', त्याने एका सरळ रेघेने खोडली होती. शेजारी आद्याक्षरं. कचेरीतली सवय.

"काका, खोडाखोड चालत नाही. फॉर्म बाद होतो."

"नाही समजलं, म्हणून खोडलं. इंजेक्शनला हो म्हणतोय ना मी?"

"तरी बाद होतो."

म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर सरकवून काचेकडे पाहिलं.

"दुसरा आणा."

कोरा फॉर्म हातात पडताच त्याने थेट शेवटचं पान काढलं. चष्मा कपाळावर तसाच राहिला. सही झाली.

त्याच्या सहीखाली आणखी एक रेघ होती, डॉक्टरच्या सहीची. 'नातेवाइकाला सर्व समजावून सांगितले असून ते त्यांना समजल्याची माझी खात्री आहे.'

दारात सिस्टर सिरिंज घेऊन उभी. दोन मिनिटं. डॉक्टरचं पेन त्या ओळीवर अडलं.

"पोरी," म्हातारा हळूच म्हणाला, "वाचत बसू नकोस."